काचेच्या पेटीचा इतिहास पुरे झाला, आता नळीचा सांगा

१/
अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा इतिहास म्हटला की समाजमाध्यमांवर हटकून एकच छायाचित्र फिरते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडची जत्रा, काचेच्या पेट्यांची रांग, आत गुंडाळलेली चिमुकली बाळे, बाहेर तिकीट काढून आलेली गर्दी, आणि या सर्वांचा सूत्रधार मार्टिन कूनी. त्यापाठोपाठ १९६३ सालची कथा येते: राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा दोन दिवसांचा मुलगा दगावला आणि त्या दुःखातून नवजात अतिदक्षता विभाग जन्माला आला. गोष्टी म्हणून दोन्ही उत्तम आहेत. इतिहास म्हणून दोन्ही तोकड्या आहेत, आणि त्यांनी जे झाकले ते त्यांनी दाखवलेल्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

२/
कूनीच्या पेट्यांनी बाळे वाचली, हे मान्यच करावे लागते. ऊब, स्वच्छता, आईच्या किंवा दाईच्या दुधाचे थेंब आणि रात्रंदिवस जागणाऱ्या परिचारिका एवढ्या भांडवलावर कोनी आयलंडचा तो खेळ १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षे चालला. परंतु पेटीची पोहोच बाळाच्या कातडीपर्यंत. रक्तात साखर किती, आम्ल किती, प्राणवायू किती, हे पेटीला कळत नाही. आणि कुणाला कळलेच, तरी आत काही पोहोचवण्याचा रस्ता तिच्यापाशी नाही. 'अतिदक्षता' या शब्दाला अर्थ आला तो रस्ता सापडल्यावर. तो रस्ता बेंबीतून जातो. त्याचे छायाचित्र देखणे नसते, म्हणून त्याचे धागेही निघत नाहीत.

३/
मराठीत नाळेला केवढे मोठे आयुष्य आहे! गावाशी नाळ जुळते, मातीशी जुळते, पुरलेली नाळ माणसाला परत बोलावते. प्रत्यक्षातली नाळ मात्र जन्मताच चिमटा लावून कापली जाते आणि आठवडा-दोन आठवड्यांत वाळून गळते. पहिले काही दिवस तिचा बेंबीजवळचा ओला तुकडा आतून पुरता मिटलेला नसतो. ताज्या कापात तीन तोंडे दिसतात: एक रुंद, पातळ भिंतीची नीला आणि दोन अरुंद, जाड, पांढरट रोहिणी. शाळेतल्या पुस्तकाचा नियम इथे उलटा चालतो. गर्भात प्राणवायूने भरलेले रक्त वारेकडून आणते ती नीला, आणि परत नेतात त्या रोहिणी.

नीलेतून सारलेली नळी यकृतातल्या एका आडवाटेने थेट हृदयाच्या उंबरठ्यावर पोहोचते. रोहिणीतून सारलेली नळी आधी खाली ओटीपोटात उतरते, मग वळून महारोहिणीत वर चढते. नळीची जाडी एक ते पावणेदोन मिलिमीटर. एक किलोच्या बाळाच्या हातावर शीर शोधताना मुरलेल्या डॉक्टरलाही घाम फुटतो. इथे निसर्गाने चार दिवस दार उघडे ठेवलेले असते.

४/
या दाराचा शोध बॉस्टनला लागला असे सांगण्याची प्रथा आहे. ती चुकीची आहे. १९२३ साली जेम्स सिडबरी या बालरोगतज्ज्ञाने नाभीनीलेतून नवजात बाळाला रक्त दिल्याचा लेख अमेरिकी बालरोग नियतकालिकात छापला. बाळाला रक्तस्राव होत होता. सिडबरी कुठल्या नामांकित विद्यापीठात नव्हता; नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन या बंदराच्या गावी तो काम करी आणि जवळच समुद्रकाठी त्याने लहान मुलांचे रुग्णालय काढले होते. त्याचे नाव आज तळटिपेत सापडते, तेही शोधले तर. मोठ्या शहराने केले की शोध आणि लहान गावाने केले की अपवाद, ही वर्गवारी विज्ञानाच्या इतिहासातही तितकीच निर्लज्ज आहे जितकी राजकीय इतिहासात.

५/
दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, टोरांटोच्या बालरुग्णालयात आल्फ्रेड हार्ट यांनी एका नवजात बाळाचे जवळजवळ सगळे रक्त बदलले. त्या घरातली आधीची बाळे तीव्र कावीळ होऊन गेली होती. हार्ट यांनी रक्त काढले ते टाळूतून, कवटीखालच्या मोठ्या शिरेतून. आणि नवे रक्त दिले ते घोट्याजवळच्या शिरेतून. बाळ जगले. पण टाळूत सुई खुपसून तासभर रक्त ओढण्याचे धाडस रोजचा उपचार होऊ शकत नव्हते. १९४६ साली न्यूयॉर्कच्या हॅरी वॉलरस्टीन यांनी रक्तबदलाचे पुनरुज्जीवन केले, तेव्हाही रक्त टाळूतूनच काढावे लागले. सिडबरीचा लेख छापून तेवीस वर्षे लोटली होती. ज्ञान ग्रंथालयात असणे आणि हातात असणे यांत एवढे अंतर पडू शकते.

६/
मग लुई डायमंड. बॉस्टनच्या बालरुग्णालयातील या रक्तविकारतज्ज्ञाने १९४६-४७ च्या सुमारास नाभीनीलेत प्लॅस्टिकची लवचीक नळी घालून रक्तबदल सुरू केला. त्याचे श्रेय हिरावण्याचे कारण नाही, फक्त ते नेमके कशाचे हे सांगायला हवे. रस्ता जुना होता. नळी नवी होती. धातूची नळी ताठ, ती शीर फाडते. रबराच्या नळीत रक्त लवकर गोठते. पॉलिएथिलीन हे प्लॅस्टिक १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआयच्या प्रयोगशाळेत अपघातानेच सापडले आणि दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवरील आवरण म्हणून कामी आले. युद्धानंतर त्याच जातीच्या बारीक नळ्या रुग्णालयांत शिरल्या. नवजात वैद्यकाचा हा धागा जत्रेतून नव्हे, रडारच्या कारखान्यातून येतो. इतिहासप्रेमींना हे खरे तर अधिक रुचायला हवे.

७/
रक्तबदल म्हणजे काय, हे समजल्याशिवाय नळीचे मोल कळत नाही. आईचे रक्त आरएच निगेटिव्ह, बाळाचे पॉझिटिव्ह. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये वारेतून बाळात उतरतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडत राहतात. पेशी फुटल्या की पिवळे द्रव्य साठते. ते मेंदूत उतरले की बाळ मरते, किंवा जगून बहिरे व लुळे होते. तीन किलोच्या बाळात रक्त असते जेमतेम पाव लिटर. त्याच्या दुप्पट, म्हणजे अर्धा लिटर नवे रक्त, एका वेळी दहा-वीस मिलिलिटर काढायचे आणि तेवढेच घालायचे या संथ लयीत दिले, की जुन्यापैकी सुमारे ८५ टक्के बाहेर पडते. तास-दोन तास, एक पिचकारी, एक नळी, आणि शेजारी बसून प्रत्येक मिलिलिटर कागदावर लिहिणारी परिचारिका. १९५२ साली ब्रिटनमध्ये मॉलिसन आणि वॉकर यांनी रीतसर तुलना करून दाखवली, तेव्हा साध्या रक्तदानापेक्षा रक्तबदल केलेल्या बाळांतील मृत्यू निम्म्याहूनही कमी निघाले.

८/
आता केनेडी. ७ ऑगस्ट १९६३ रोजी जन्मलेले ते बाळ साडेपाच आठवडे लवकर आले होते, वजन सुमारे २.१ किलो. श्वसनविकाराने ते ९ ऑगस्टला गेले. कुठे, तर बॉस्टनच्या त्याच बालरुग्णालयात, जिथे डायमंड यांची नळी सोळा-सतरा वर्षांपूर्वीच बाळांच्या नाभीत गेली होती. येल येथे लुई ग्लक यांचा नवजात विभाग १९६० मध्ये उभा राहिला होता. नॅशव्हिलमध्ये मिल्ड्रेड स्टाल्मन यांनी १९६१ मध्येच एका नवजात बाळाला श्वसनयंत्रावर ठेवून वाचवले होते. कोलंबिया विद्यापीठात व्हर्जिनिया ॲप्गार आणि स्टॅनली जेम्स यांचा गट नाभीच्या वाहिन्यांतून रक्त घेऊन जन्मावेळच्या गुदमरण्याचा हिशेब मांडत होता; त्यांचा निबंध १९५८ चा. राजपुत्र मेला म्हणून विज्ञान जागे झाले, ही दरबारी बखरीची रीत आहे. त्या मृत्यूने पैसा आणि लक्ष नक्कीच खेचले. सुरुवात मात्र त्याने केली नाही.

९/
नळीचा दुसरा अध्याय प्राणवायूचा आहे आणि तो अधिक कडू आहे. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सढळ हाताने प्राणवायू दिला जाई. नव्या घट्ट पेट्यांत तो छान साठेही. त्यातून जगभर सुमारे १०,००० मुले आंधळी झाली असा अंदाज मांडला जातो. गायक स्टीव्ही वंडर १९५० साली जन्मला, तो त्यांतलाच एक. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये प्राणवायूकडे बोट दाखवले आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने ते सिद्ध झाले.

मग लंबक दुसरीकडे गेला. प्राणवायू ४० टक्क्यांच्या वर नको, असा सरसकट दंडक पडला. आंधळेपण घटले आणि श्वासाविना मरणारी बाळे वाढली. १९७३ साली केनेथ क्रॉस यांनी लॅन्सेटमध्ये हिशेब मांडला: वाचवलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे सोळा मृत्यू. हा वाद नियमाने सुटणारा नव्हताच. जास्त की कमी, याचे उत्तर त्या बाळाच्या त्या क्षणीच्या रक्तात होते. ते रक्त वारंवार मिळण्याचे ठिकाण म्हणजे नाभीरोहिणी, आणि लीलंड क्लार्क यांच्या विद्युत्‌अग्रामुळे १९५० च्या दशकाअखेर थोड्याशा रक्तात प्राणवायू मोजणेही शक्य झाले होते. काचेची पेटी आंधळेपणाला हातभार लावत होती तेव्हा नळी मोजमाप शिकत होती, हे वाक्य पेटीच्या भक्तांना झोंबेल. झोंबू द्यावे.

१०/
म्हणून नळीची आरती ओवाळावी का? मुळीच नाही. मॉन्ट्रिऑलच्या रॉबर्ट अशर यांनी श्वसनविकाराच्या बाळांना शिरेतून साखर आणि सोडियम बायकार्बोनेट देण्याची पद्धत घातली आणि १९६३ मध्ये मृत्यू घटल्याचे लिहिले. जगाने ती उचलली. पुढे १९६८ मध्ये सिंक्लेअर, सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांच्या नियंत्रित चाचणीत अपेक्षित लाभ दिसला नाही, आणि १९७४ मध्ये तीव्र बायकार्बोनेटच्या भडिमाराचा संबंध मेंदूतील रक्तस्रावाशी जोडला गेला. शिरेत साखर देण्याची रीत टिकली. क्षाराचा उत्साह ओसरला. मधल्या वर्षांतल्या बाळांचे काय, हा प्रश्न चरित्रग्रंथ विचारत नाहीत.

११/
नळी किती आत घालायची? ब्रिस्टलच्या पीटर डन यांनी १९६६ मध्ये याचा तक्ता दिला. खांद्यापासून बेंबीपर्यंतचे अंतर मोजा, तक्त्यात पाहा, तेवढे सेंटिमीटर सारा. तक्ता बनला कसा, तर मृत बाळांच्या देहांत नळ्या घालून, शवविच्छेदनात त्यांची टोके कुठे पोहोचली ते मोजून. पुढे १९८६ मध्ये शुक्ला आणि फेरारा यांनी वजनावरून सोपे सूत्र दिले: रोहिणीसाठी वजनाची तिप्पट अधिक नऊ. भारतातील डॉक्टर आजही हे आकडे तोंडपाठ म्हणतात. खास नळी नसली तर पाच नंबरची फीडिंग ट्यूब नीलेत घालून वेळ निभावतात. प्रत्येक आकड्यामागे ज्यांना नावही ठेवले गेले नसेल अशी बाळे आहेत.

१२/
१९७२ मध्ये नील आणि सहकाऱ्यांनी नाभीरोहिणीत नळी असलेल्या बाळांच्या महारोहिणीची क्ष-किरण चित्रे घेतली. जवळजवळ सर्वांत गुठळी सापडली. बहुतेकांत तिचा बाहेरून मागमूस नव्हता. काहींत पाय निळा पडे, बोटे जात. काहींत मूत्रपिंडाची रोहिणी अडून तान्ह्या बाळाला रक्तदाब जडे. नळीचे टोक छातीच्या मणक्यांपाशी ठेवावे की कमरेच्या, यावर पुढे वीस वर्षे वाद झाला. अखेर वरची जागा बरी ठरली. या तपशिलात रमण्यासारखे बरेच आहे, पण खरा आरोप पुढे आहे.

१३/
नळीतून रक्त काढले की आत उरलेले रक्त गोठू नये म्हणून थोडे मिठाचे पाणी ढकलावे लागते. साधे सलाइन. रुग्णालयात याहून निरुपद्रवी वस्तू नसते, असे कुणीही म्हणेल. एकाच कुपीत अनेकदा सुई जाते, म्हणून जंतू वाढू नयेत यासाठी त्या सलाइनमध्ये बेंझिल अल्कोहोल घातलेले असे: ०.९ टक्के, म्हणजे मिलिलिटरला ९ मिलिग्रॅम. हे द्रव्य तिथे होते ते रुग्णाच्या रक्षणासाठी. लेबलवर त्याचे नाव छापलेले होते. प्रौढ माणसाला दोन-चार मिलिलिटरने काहीही होत नाही.

१४/
आता पाटीवरचा हिशेब. एक किलोचे बाळ. दिवसातून अकरा वेळा रक्त घेतले, दर वेळी एक मिलिलिटर सलाइन ढकलले. अकरा गुणिले नऊ, ९९ मिलिग्रॅम. पुढे दगावलेल्या बाळांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिवसाला किलोमागे ९९ ते २३४ मिलिग्रॅम आत गेल्याचे निघाले. साठ किलोच्या माणसाला यातला किमान डोस द्यायचा तर ६६० मिलिलिटर लागेल. तीस मिलिलिटरच्या बावीस कुप्या, रोज. बावीस कुप्या पाहून कोणीही थबकला असता. एक मिलिलिटर पाहून कोण थबकणार?

शरीर बेंझिल अल्कोहोलचे बेंझोइक आम्ल करते, आणि यकृत त्याला ग्लायसीनशी जोडून लघवीवाटे बाहेर टाकते. अपुऱ्या दिवसांच्या यकृताला ही जोडणी झेपत नाही. आम्ल साठत जाते. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, बाळ धापा टाकू लागते; झटके येतात, रक्तदाब कोसळतो. डॉक्टर त्याला अपुऱ्या दिवसांचे दुखणे समजत. मग निदानासाठी आणखी रक्त काढत. आणि नळी पुन्हा धूत.

१५/
हे वर्तुळ तुटले ते १९८२ मध्ये. न्यू ऑर्लिन्समधील गर्शानिक आणि सहकाऱ्यांनी, तसेच ओरेगनमधील पोर्टलंडच्या गटाने, स्वतंत्रपणे बाळांच्या रक्ता-लघवीत त्या आम्लाचा माग काढला. दोन्ही ठिकाणचे मिळून सोळा मृत्यू. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने पत्र काढून नवजात बाळांच्या नळ्यांसाठी हे सलाइन वापरू नये असे कळवले. वैद्यकीय इतिहासाच्या लोकप्रिय पुस्तकांत हा प्रसंग आलाच तर एका परिच्छेदात येतो आणि त्याला 'दुर्घटना' म्हटले जाते.

हा शब्द खोटा आहे. दुर्घटनेत काहीतरी नियमाबाहेर घडावे लागते. इथे परिचारिकेने नियमाने नळी धुतली, औषधशाळेने नियमाने कुपी पाठवली, कंपनीने नियमाने रसायन घातले आणि लेबलवर छापले. चूक कोणा एकाच्या हातात नव्हती. ती त्या गृहीतकात होती की बाळ म्हणजे लहान आकाराचा प्रौढ, आणि सलाइन म्हणजे औषध नव्हे, म्हणून ते मोजायचे नसते. नळीने बाळाच्या रक्तातला प्रत्येक रेणू मोजण्याची सोय केली, आणि नळी धुणारे पाणी मात्र कोणी मोजले नाही.

१६/
असे लिहिले की दोन बाजूंनी दगड येतात. पहिल्या बाजूचे म्हणतात: इतकी बाळे वाचली, मग सोळांचे रडगाणे कशाला? कारण ते सोळा म्हणजे जिथे कोणीतरी संशय घेऊन तपासले तिथलेच सोळा. १९८६ च्या एका अभ्यासात हे सलाइन बंद केल्यापूर्वीची आणि नंतरची वर्षे ताडून पाहिली गेली. एक किलोहून कमी वजनाच्या बाळांतील मृत्यू आणि मेंदूतील तीव्र रक्तस्राव, दोन्ही घटलेले दिसले. म्हणजे तोवर 'अपुऱ्या दिवसांचे नशीब' म्हणून ज्याची नोंद होत होती, त्यातला काही भाग कुपीतून येत होता.

दुसऱ्या बाजूचे अधिक आनंदाने धावून येतात: पाहा, आधुनिक वैद्यक कसे मारते, पूर्वी नाळ कापून बाळ उबेत ठेवत तेच खरे. त्यांनी आरएच कावीळीने ओळीने बाळे गमावलेल्या घरांची आठवण ठेवावी. सिडबरी, हार्ट, डायमंड यांच्याआधी त्या घरांना ऊब होतीच. शिवाय नळीवरचा प्रत्येक आरोप नळी वापरणाऱ्यांनीच मांडला आहे. गुठळ्या शोधल्या त्या नळी घालणाऱ्यांनी, कुपी पकडली ती नळी धुणाऱ्या विभागांनी. बाहेरून कुणी वैद्यकाचा शत्रू येऊन ते सांगून गेला नाही.

१७/
पुढचे थोडक्यात. जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७४ च्या कल्पनेतून आलेला, बोटाला किंवा पावलाला बांधायचा प्राणवायूमापक नवजात विभागांत रुळला आणि रोहिणीतून वारंवार रक्त काढण्याची गरज कमी झाली. आरएच आजारावर १९६८ पासून आईला द्यायचे इंजेक्शन मिळू लागले, आणि डायमंड यांचा रक्तबदल हळूहळू दुर्मीळ झाला. आजच्या तरुण डॉक्टरांना तो क्वचितच हाताने करायला मिळतो. नाभीतली नळी मात्र गेलेली नाही. जन्मल्या क्षणी कोसळलेल्या बाळाला ॲड्रिनलिन द्यायचे असेल तर आजही पहिला हात नीलेकडे जातो, नळी काही दिवसांतच काढली जाते, आणि ती धुण्यासाठी ठेवलेल्या सलाइनवर 'परिरक्षकविरहित' असे छापलेले असते.